चढ तीन तासांचा, उतार एका तासाचा

बाजारातल्या औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, विमानाची तिकिटं विकायचं एक ऑफिस होतं. दोन टेबलं, एक फोन, गिऱ्हाइकांसाठी तीन खुर्च्या, त्यातली एक भिंतीला टेकवून उभी केलेली, कारण तिचा पाय मोडला होता. मालक वीस वर्षं तिथे बसून लोकांना आकाशात पाठवत होता आणि स्वतः एकदाही जमिनीवरून उठला नव्हता. कंपन्या त्याला वर्षाला एक तिकीट फुकट द्यायच्या. तो ते वाया घालवायचा आणि वर म्हणायचा, ‘‘आम्हाला कुठली सवड? तुम्हीच रिकामे, तुम्हीच फिरा.’’

खरी गोष्ट अशी होती की त्याला विमानात बसायची भीती वाटायची. आता भीती कोणाला वाटत नाही? त्याबद्दल कोणी नावं ठेवू नयेत. पण हा इसम दुसऱ्याच्या भीतीला मात्र खदाखदा हसायचा. पहिल्यांदा निघालेल्या एखाद्या म्हातारीने विचारलं, की बाबा, वर गेल्यावर कान दुखतात का, तर तो तिच्यादेखत फोनवर कोणालातरी सांगायचा, ‘‘थांब जरा, इथे एक आजी कान घेऊन आल्यात.’’ म्हातारी बिचारी ओशाळून जायची. अशा माणसाची कीव करायला फार मोठं मन लागतं, आणि ते माझ्यापाशी नाही.

त्याच्या टेबलामागे त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली एक पाटी होती. पूर्वेकडचं ते मोठं शहर, जिथे गावातली निम्मी पोरं नोकरीला होती, त्याबद्दलची. हवाई अंतर तेराशे किलोमीटर. जायला तीन तास, यायला एक तास.

हो, असंच लिहिलं होतं. त्याचं कारण अगदी साधं होतं. त्या शहराचं घड्याळ आपल्या गावच्या घड्याळाच्या एक तास पुढे चालायचं. तिकिटावर सुटायची वेळ छापतात ती सुटण्याच्या गावची, आणि उतरायची वेळ छापतात ती उतरण्याच्या गावची. सकाळी सातला निघालेलं विमान दोनच तास उडायचं. पण आपल्याकडे नऊ वाजायचे तेव्हा तिथे दहा वाजलेले असायचे, म्हणून तिकिटावर सात आणि दहा. परतीचं तिथून तीनला सुटायचं आणि इथे चारला टेकायचं. शाळकरी पोराला समजावलं तर दोन मिनिटांत कळेल. पण याने दहातून सात, चारातून तीन अशी वजाबाकी केली, आणि आलेल्या उत्तराला शोभेल असं कारण शोधून काढलं. ते शहर जरा उंचावर होतं. झालं तर मग. जाताना चढ, येताना उतार. ‘‘सायकलचं होतं तेच विमानाचं,’’ असं तो गिऱ्हाइकाला ऐकवायचा आणि खुर्चीत मागे रेलायचा. गाव त्याला मागून ‘चढउतार’ म्हणायचं. पुढून शेठ म्हणायचं.

त्याची चूक कोणी दाखवलीच नाही असं नव्हतं. भूगोलाचे एक मास्तर तिकीट घ्यायला आले होते, त्यांनी पाटी वाचली आणि कागदावर दोन घड्याळं काढून त्याला समजावायला बसले. त्याने कागद त्यांच्याकडे सरकवला. ‘‘मास्तर, तिकिटं तुम्ही विकता का मी?’’ मास्तर तिकीट न घेताच जिना उतरले. पूर्वीच्या कारकुनाने हेच धाडस केलं, तर त्याला महिन्याच्या आत दुसरी नोकरी बघावी लागली. त्याच्या जागी आलेली बाई शहाणी होती. ती समोर मूग गिळून बसायची. पण प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर जिन्यापर्यंत जायची, दार ओढून घ्यायची, आणि तिथे हळूच सांगायची, ‘‘उतरल्यावर घड्याळ एक तास पुढे करा हं.’’ सगळं गाव वेळेवर पोचायचं ते त्या जिन्याच्या जिवावर. मालकाला वाटायचं, बाई गिऱ्हाइकाचा मान ठेवते.

या अकलेच्या बळावर त्याने एकुलत्या एका मुलीचं लग्न ठरवलं. स्थळ त्या पूर्वेकडच्या शहरातलं. मुलाचं बोलणं तोऱ्यातलं होतं, पण तो तोरा याला दोष वाटला नाही; उलट आपल्यासारखाच पाणीदार दिसतोय म्हणून आवडला. बायको म्हणाली, ‘‘लांब पडतं हो फार.’’ यावर त्याने तिला वेड्यात काढलं. ‘‘लांब? अगं, येताना एक तास! बाजारातून भाजी आणायला तुला जास्त वेळ लागतो.’’ चार वर्षं झाली लग्नाला. त्या एका तासाच्या वाटेने ना कोणी गेलं, ना पोरगी आली. पहिल्या वर्षी एकदा आगगाडीने दोन रात्री काढून आली होती, तेवढीच.

मग एका दुपारी पोरीचा घरी फोन आला. तेव्हा मोबाइल नव्हते. तिच्या सासरी एकच फोन होता आणि तो सासूच्या खोलीत. सासू न्हाणीघरात होती तेवढ्यात तिने आईला चार वाक्यं सांगितली. नवरा हात उचलतो. आता रोजचं झालंय. दर गुरुवारी अकरा ते बारा सासू गुडघे शेकायला दवाखान्यात जाते. येत्या गुरुवारी अकरा वाजता मी गल्लीच्या टोकाला पोस्टाच्या पायऱ्यांवर बॅग घेऊन उभी राहते, घरी येऊ नका, तिथेच कोणीतरी तिकीट घेऊन या आणि मला न्या. आईने ‘‘येतो’’ म्हणायच्या आत फोन खाली ठेवला गेला.

संध्याकाळी तो घरी आला, बूट काढले, आणि बायकोने त्याच्यासमोर हे सगळं सांगितलं. पोरीच्या गालावर कोणाचातरी हात पडतो ही गोष्ट त्याला लागली, हे मात्र कबूल करायला हवं. लागली, पण किती वेळ? पाच मिनिटांनी तो म्हणाला, ‘‘मी निवडलेलं स्थळ असं निघेलच कसं?’’

‘‘ते राहू दे. मी जाते,’’ बायको म्हणाली. ‘‘मला तिकीट काढून द्या.’’

‘‘तू? विमानतळावर तुला मोरी सापडायची नाही. मी जाणार.’’

आणि तो खरंच तयार झाला. वीस वर्षांत न केलेली गोष्ट करायला निघाला, भीतीसकट. याचं श्रेय त्याला द्यायचं तर द्या. जातानाचं एक आणि येतानाची दोन अशी तिकिटं त्याने खिशात घातली. जायचं सातचं, यायचं तीनचं, म्हणजे दुकान एकच दिवस बंद.

बुधवारी रात्रीच्या जेवणानंतर बायको त्याच्याशेजारी येऊन बसली. तिला दोन शहरांच्या घड्याळांचा फरक पक्का माहीत होता. चार वर्षं ती पोरीची सासू झोपायच्या आत फोन लागावा असा हिशोब धरून पोरीला फोन करत होती.

‘‘अहो, रागावणार नसाल तर सांगते. तिथलं घड्याळ एक तास पुढे असतं.’’

‘‘कोणी सांगितलं?’’

‘‘तिनंच. आणि मी फोन करते तेव्हा...’’

‘‘म्हणजे आता तुम्ही दोघी मायलेकी मला माझा धंदा शिकवणार? जा मग तूच. घे तिकीट. जा!’’ त्याने खिशातून तिकिटं काढून तिच्या मांडीवर टाकली. तिकिटावर नाव त्याचं होतं. ती जाऊ शकत नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं.

तिने तिकिटं उचलली, नीट घडी केली आणि परत त्याच्या हातात दिली. खरं बोलावं तर हा जायचा नाही, आणि गप्प बसावं तर हा उशिरा जाणार. तिला काय वाटलं असेल त्या घटकेला! तिने एक शेवटचा प्रयत्न केला. ‘‘बरं, तुमचंच खरं. पण तिथे तासभर आधीच जाऊन थांबा ना. पोर घाबरलेली असेल.’’

‘‘भिकाऱ्यासारखा पायरीवर बसू तासभर? अकरा म्हणजे अकरा.’’

तिने हात टेकले. त्या रात्री तिने पोरीच्या सासूच्या खोलीतला फोन दोनदा लावला. दोन्ही वेळा सासूनेच उचलला, आणि तिच्यादेखत पोरीशी हे बोलता यायचं नाही म्हणून हिने न बोलता ठेवून दिला.

गुरुवारी सकाळी विमान सुटायच्या आधीच त्याने दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले. कान दुखतात हे त्याने वीस वर्षं गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं होतं. खुर्चीचे हात घट्ट धरून आणि डोळे मिटून तो दोन तास बसला. खाली उतरताना हवाईसुंदरीने स्थानिक वेळ सांगितली, सगळ्यांनी आपापली घड्याळं पुढे केली, शेजारच्याने याच्या मनगटाकडे बोट दाखवून काहीतरी म्हटलंही. याला वाटलं तो घड्याळाची तारीफ करतोय. त्याने मान डोलावली.

पाय जमिनीला लागले तशी अक्कल पुन्हा जाग्यावर आली, म्हणजे होती तेवढी. मनगटावर नऊ वाजले होते. तीन तासांचा चढ विमान दोन तासांत चढलं होतं! वैमानिक तरबेज दिसतोय. बाहेरच्या दालनात मोठ्या घड्याळात दहा वाजले होते. तो तिथे थबकला, आणि फरशी पुसणाऱ्या माणसाला म्हणाला, ‘‘तुमचं घड्याळ तासभर पुढे आहे.’’

‘‘नाही साहेब, बरोबर आहे.’’

‘‘बरोबर कसं? तिकिटावर दहा छापलंय म्हणून तुम्ही लोकांनी काटा दहावर नेऊन ठेवलात. म्हणजे विमान लवकर आलं काय, उशिरा आलं काय, तक्रार नको.’’

तो माणूस पुन्हा फरशी पुसायला लागला. दुसरं काय करणार? ही दोन घड्याळं, एक तिकीट आणि एक बायको, सगळे एकच गोष्ट सांगत होते. पण ज्याला ऐकायचंच नाही त्याच्यापुढे सगळ्या जगाने ओरडून काय उपयोग?

दोन तास हाताशी आहेत म्हणून तो कँटीनमध्ये बसला. टोस्ट मागवला, टोस्ट करपलाय म्हणून परत पाठवला, दुसरा आला तो मऊ आहे म्हणून वेटरची हजेरी घेतली. चहा दोनदा प्याला. शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याला न विचारता सांगितलं, की येताना उतार असतो, काळजी करू नका. तो चहात साखर ढवळत होता तेव्हा तेराशे किलोमीटर लांबून आणलेल्या त्याच्या घड्याळात सव्वादहा झाले होते, आणि इथल्या घड्याळात सव्वाअकरा. त्याची पोरगी पोस्टाच्या पायरीवर उभी होती.

तिने बॅग पायाशी लपवली होती आणि वर साडीचा पदर पसरला होता. प्रत्येक टॅक्सी वळली की ती एक पायरी खाली यायची. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. बाराला दहा कमी असताना तिने बॅग उचलली आणि घरी गेली, कारण बाराला सासू येणार होती. बॅग पलंगाखाली गेली. सासूने येऊन चपला काढल्या आणि पाणी मागितलं. कोणाला काही कळलं नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा उभं राहता आलं असतं.

तो पोस्टासमोर उतरला तेव्हा त्याच्या मनगटावर अकराच्या ठोक्याला काटा होता. पोस्टातल्या घड्याळात बारा. ‘‘या शहरात एक घड्याळ धड नाही,’’ असं तो मोठ्याने म्हणाला. पायरीवर कोणी नव्हतं. पहिली वीस मिनिटं त्याने वाट बघितली, पुढची वीस मिनिटं तो वैतागला, आणि त्यानंतर त्याला सरळ राग चढला. आपण एवढं विमानात बसून यायचं, दुकान बंद ठेवायचं, आणि ही महाराणी वेळेवर नाही! घरी येऊ नका, असं पोरीने बजावलं होतं. तो तरातरा गल्लीत शिरला, जिना चढला आणि पोरीच्या सासरची बेल दाबली.

दार जावयाने उघडलं. तो जेवायला घरी आला होता; हातात घास होता. मागे सासू, आणि स्वयंपाकघराच्या दारात पोरगी, हातात पोळ्यांचं ताट. बापाला बघून तिने ताट ओट्यावर ठेवलं.

त्या क्षणी त्याने एवढंच म्हणायला हवं होतं, की चल बाळ, बॅग घे. दोन्ही हात मोकळे होते, खिशात तिकिटं होती, बाहेर दिवसाउजेडी रस्ता होता. निदान ‘सहज आलो’ म्हणून पाणी पिऊन निघाला असता तरी चाललं असतं. तो काय म्हणाला?

‘‘अकरापासून उभा आहे मी पोस्टासमोर! कुठे होतीस तू?’’

जावयाने टेबलाशी जाऊन हातातला घास ताटात टाकला आणि बायकोकडे बघितलं. ‘‘पोस्टासमोर? कशाला?’’

आता तरी बोलायचं होतं त्याने. पण जावई पुढे म्हणाला, ‘‘आणि अकरापासून? आता एक वाजायला आलाय. दोन तास उभे होतात?’’

‘‘एक?’’ सासऱ्याने मनगट पुढे केलं. ‘‘बारा वाजायचेत अजून. पाऊण तास उभा होतो.’’

‘‘एक वाजतोय.’’

‘‘बारा वाजतायत! वीस वर्षं धंदा करतोय मी या वेळांचा!’’

‘‘मग वीस वर्षं चुकीचा करताय. माझ्या घरात येऊन मला वेळ शिकवू नका.’’

‘‘शिकवावं लागतंय! जावईबापू, तुमच्या घड्याळाला चावी द्यायची अक्कल आहे का तुम्हाला?’’

आणि जुंपली. पोरीच्या मारहाणीवरून नाही, बॅगेवरून नाही. बारा की एक यावरून. जावयाने रेडिओ लावला. रेडिओने टींटीं करून सांगितलं, दुपारचा एक वाजला आहे. सासरा म्हणाला, रेडिओ कुठल्यातरी दुसऱ्या गावचा लागलाय. जावयाने टेबलावर मूठ आपटली. सासऱ्याने भिंतीवर थाप मारली. दोघांच्याही मानेच्या शिरा फुगल्या होत्या, दोघंही ‘मला सांगू नका’ म्हणत होते, आणि दोघांपैकी एकालाही ती स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली मुलगी दिसत नव्हती. सासू रेडिओ बंद करत होती.

आधी थकला तो बाप. त्याच्या ध्यानात काही आलं का? आलं असावं, कारण त्याने मनगट खाली केलं आणि बाही ओढून घड्याळावर घेतली. मग खिशातून दोन तिकिटं काढली आणि पोरीकडे न बघता म्हणाला, ‘‘बरं, ते जाऊ दे. चल तू.’’

ती बॅग आणायला वळली नाही. जावई काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही निघा. तीनचं विमान इथल्या तीनला सुटतं. आत्ताच निघालात तर मिळेल.’’

‘‘आणि तू?’’

‘‘मी नाही येत.’’

‘‘एवढा आलोय मी!’’ तो ओरडला. ‘‘विमानात बसून आलोय!’’

‘‘हो,’’ ती म्हणाली आणि त्याला पाण्याचा पेला आणून दिला. त्याने तो एका दमात संपवला, पेला तिच्या हातात दिला आणि जिना उतरला. ती म्हणाली म्हणून निघाला, आणि म्हणूनच त्याला विमान मिळालं. विमान सुटलं तेव्हा त्याच्या मनगटावर दोन वाजले होते. शेजारची खुर्ची सगळी वाट रिकामी होती.

त्या दिवसाची किंमत पोरीने त्याच संध्याकाळी चुकती केली. काय, ते सांगायला नको. सासूचा गुरुवारचा शेक बंद झाला, आणि बॅग जावयाच्या कपाटात गेली. सात-आठ महिन्यांनी शेजारणीच्या मदतीने, अंगावरच्या साडीनिशी, ती घरातून निघाली. बापाच्या गावाला आली नाही. तिसऱ्याच एका शहरात गेली, तिथे कापडाच्या गिरणीत माल तपासायच्या कामाला लागली. आईने पहिल्या फोनवर विचारलं, ‘‘त्या दिवशीच का नाही आलीस ग? बाबा आले होते ना दारात.’’



‘‘आई, मी ओट्यापाशी डोळे मिटून उभी होते. दोघं भांडत होते ना, तर कोण कुठला ते मला ओळखूच येईना. म्हटलं, एका घरातून निघून त्याच घरात कशाला जायचं?’’

हे बायकोने नवऱ्याला सांगितलं नाही. त्याची पाटी अजून आहे. तो ती काढेल असं ज्यांना वाटलं ते त्याला ओळखत नाहीत. उलट गिऱ्हाइकांना तो आता ठासून सांगतो, की मी स्वतः जाऊन आलोय. बाई अजून जिन्यापर्यंत जाते.

बायको वर्षातून तीन-चारदा मुलीकडे जाते. तिकीट रस्त्यापलीकडच्या दुकानातून काढते. त्या शहराचं नाव त्याला माहीत नाही, आणि विचारायची हिंमत त्याला बरेच महिने झाली नाही. परवा ती निघाली तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला. हातातलं घड्याळ उगाच खालीवर करत होता.

‘‘किती तास लागतात ग तिकडे?’’ त्याने विचारलं.

तिने बॅगेची साखळी ओढली आणि चपला घातल्या.

‘‘पोचते मी,’’ ती म्हणाली.